एम-परिवहन ॲप : जुनी गाडी घेणाऱ्या सीमाभागातील ग्राहकाच्या नजरेतून

बेळगावात बसून मोबाईलवर जुनी गाडी शोधू लागले, की जाहिरातींच्या यादीत केए २२ पासिंगच्या गाड्यांच्या जोडीला कोल्हापूरच्या एमएच ०९, सांगलीच्या एमएच १०, सिंधुदुर्गाच्या एमएच ०७ आणि चोर्ला घाटापलीकडच्या गोवा पासिंगच्या गाड्या सरमिसळ दिसतात. निवड मोठी आणि भाव उतरता, म्हणून गिऱ्हाईक खूश होते. मात्र गाडी एका राज्यात, मालक दुसऱ्या राज्यात आणि कागद तिसऱ्याच कुणाच्या हातात, अशी स्थिती इथे सहज तयार होते आणि फसवणाऱ्याला हवी असते ती नेमकी हीच फट. ‘कागद निपाणीत आहेत, एनओसी चार दिवसांत येते की ओ, तोवर इसार तरी पाठवा,’ हे वाक्य या भागात जुनी गाडी शोधलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेले असेल. अशा वेळी हाताशी असणारे पहिले साधन म्हणजे केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेले एम-परिवहन हे ॲप. ते फुकट आहे, सरकारी आहे आणि जाहिरातीवरून पहिला फोन करण्याआधी वापरावे इतके उपयोगाचे आहे. त्याचा भरवसा कुठपर्यंत धरावा आणि कुठून पुढे धरू नये, एवढ्यापुरताच हा आढावा आहे.

मोबाईल क्रमांक आणि ओटीपी देऊन आत शिरले, की गाडीचा क्रमांक टाकून देशाच्या ‘वाहन’ या नोंदणी-संचातील तिची माहिती पाहता येते. नोंदणीची तारीख, नोंदणी करणारे आरटीओ कार्यालय, गाडीचा वर्ग, कंपनी व मॉडेल, इंधन, तसेच फिटनेस, विमा आणि पीयूसी यांच्या मुदती तिथे दिसतात. मालकाचे नाव मात्र अक्षरांच्या जागी फुल्या घालून अर्धवट दाखवले जाते. खासगीपणाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. खरेदीदाराची त्यामुळे थोडी अडचण होते, तरीही पहिले अक्षर आणि नावाची लांबी यांवरून बराच अंदाज बांधता येतो. समोरचा माणूस ‘गाडी माझ्याच नावावर आहे’ असे सांगत असेल आणि आद्याक्षरच जुळत नसेल, तर बोलणी तिथेच थांबवावीत.

या ॲपचा खरा फायदा जाहिरातीतील मजकूर आणि सरकारी नोंद शेजारी-शेजारी ठेवून वाचण्यात आहे. जाहिरातीत २०१८ चे मॉडेल लिहिलेले असते आणि नोंदणी २०१५ ची निघते. ‘विमा चालू’ म्हटलेले असते आणि मुदत केव्हाच संपलेली असते. पेट्रोल म्हणून दाखवलेली गाडी नोंदीत डिझेल असते. फोटोत नंबरप्लेटवर बोट ठेवलेले किंवा रंग फासलेला असणे हा स्वतःहून गुन्हा नव्हे, कारण क्रमांक उघड करायला कचरणारे सरळ लोकही असतात. पण फोनवर विचारूनही जो क्रमांक सांगत नाही, ‘आधी येऊन बघा, नंबरचे काय घेऊन बसलात’ असे म्हणतो, त्याची गाडी बघायला जाण्यात पेट्रोल घालवू नये. गोव्याच्या गाड्यांच्या बाबतीत वर्गाची ओळ विशेष लक्षपूर्वक वाचावी. तिथे पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या स्कूटर आणि मोटारी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत नोंदलेल्या असतात. किनाऱ्यावर अनेक हातांखाली राबलेली अशी गाडी पुढे खासगी वर्गात घेऊन, चकचकीत करून ‘डॉक्टरांनी वापरलेली’ म्हणून विकायला काढलेली असू शकते. गाडीला आता पांढरी पाटी असली, तरी आधी ती कोणत्या वर्गात नोंदली होती हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे.

कर्जाच्या बाबतीत तोंडी शब्दाला काहीच किंमत देऊ नये. हप्ते फिटले म्हणजे गाडी मोकळी झाली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत दाखल होऊन आरसीवरील, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरील, कर्जाचा बोजा उतरेपर्यंत कागदोपत्री ती फायनान्सचीच गाडी राहते. हप्ते थकलेली गाडी घेणाऱ्याच्या दारातून फायनान्सवाल्यांनी ओढून नेली, की मूळ मालक फोन उचलत नाही.

एमएच पासिंगच्या स्वस्ताईबद्दलही थोडे सांगणे भाग आहे, कारण इथली अर्धी फसवणूक खोट्याने न होता अर्धवट खऱ्याने होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ आपल्या राज्यात ठेवायची असेल, तर इथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची फॉर्म २८ मधील एनओसी, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र, लागते आणि ती कोणत्या आरटीओच्या नावाने काढली आहे हे तिच्यावर लिहिलेले असते. पुण्याच्या आरटीओच्या नावाने काढलेली एनओसी बेळगावच्या गिऱ्हाइकाला दाखवून ‘कागद तयार आहेत’ म्हणणारे विक्रेते असतात, म्हणून कागदाचा फोटो पाहून समाधान न मानता ती ओळ वाचावी. शिवाय कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स देशातील चढ्या करांपैकी एक आहे. नव्या मोटारीला तो किमतीच्या १३ ते १८ टक्क्यांच्या घरात जातो आणि परराज्यातून येणाऱ्या जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होत गेलेल्या दराने भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा वेगळा अर्ज करून मागावा लागतो आणि त्या खेपा खरेदीदाराच्या वाट्याला येतात. कोल्हापुरातील गाडी पन्नास हजारांनी स्वस्त मिळाली, हा आनंद हा हिशेब मांडल्यानंतर किती उरतो, ते ज्याचे त्याने पाहावे. दिल्लीहून आलेल्या डिझेल गाड्यांचा भाव आणखी पडलेला असतो, कारण तिथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आले. त्या गाड्यांनाही हीच एनओसी आणि हाच कर लागू आहे.

आता ज्या सापळ्यात आपल्या भागातील माणूस इतरांपेक्षा लवकर अडकतो, त्याकडे वळतो. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरचे गाव आहे, सांबऱ्याला हवाई दलाचे ठाणे आहे आणि बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात फौजेत गेलेला माणूस नात्यात नाही असे घर शोधावे लागते. फौजी म्हटले, की आपण चौकशी अर्धी सोडून देतो. फसवणाऱ्यांना हे ठाऊक असल्यामुळे ‘बदली झाली आहे, बुलेट तातडीने विकायची आहे’ अशी जाहिरात हमखास दिसते. भाव बाजाराच्या निम्म्याच्या आसपास असतो. चॅटवर विचारपूस केली, की विचारण्याआधीच ओळखपत्राचा, कँटीन कार्डाचा आणि गणवेशातील फोटो येतो. फोनवरचा माणूस हिंदीत बोलतो, ‘जय हिंद’ने सुरुवात करतो आणि कॅम्पातल्या कोणत्या रस्त्यावर राहता असे विचारले की ड्युटीचे निमित्त सांगतो. भेटायला यायची तयारी दाखवली, तर गेटपास मिळत नाही असे कळते. मग खोक्यात बांधलेल्या गाडीचा फोटो आणि लष्करी पार्सलची पावती येते, आणि वाहतुकीचे दोन-तीन हजार आधी मागितले जातात. ते भरले, की जीएसटी, नंतर विमा, नंतर ‘परत मिळणारी अनामत’ अशी वसुली पुढे चालते. लष्कर कुणाची खासगी दुचाकी अशी पार्सलने घरपोच करत नाही, आणि सेवेतील जवान आपले कार्ड अनोळखी माणसाला चॅटवर पाठवत सुटत नाही. एम-परिवहनचा उपयोग इथे चांगला होतो. फोटोतील क्रमांक टाकला, की अनेकदा गाडी भलत्याच राज्यात नोंदलेली, भलत्याच मॉडेलची किंवा चक्क स्कूटर निघते. क्रमांक जुळला तरी फोटो बारकाईने पाहावा. मागे वाळूचे मैदान आणि उंटगाडी दिसणारा फोटो ‘आताच टिळकवाडीत काढलेला’ असू शकत नाही, हे सांगायला ॲपची गरज नाही.

मात्र एक प्रकार असा आहे की त्यात ॲपवरील प्रत्येक ओळ खरी निघते आणि तरीही पैसे बुडतात. बेळगावच्या शहापुरातील एखाद्या गृहस्थाने आपल्या मोटारीची सरळ, खरी जाहिरात दिलेली असते, समजा चार लाखांना. ठग ती जाहिरात उचलतो, तेच फोटो लावून सव्वातीन लाखांची दुसरी जाहिरात टाकतो. खऱ्या मालकाला फोन करून म्हणतो, ‘गाडी मला घ्यायची आहे, बघायला माझा मेहुणा येईल, त्याच्याशी किमतीचे बोलू नका, तो व्यवहार माझा आणि तुमचा.’ खरेदीदाराला सांगतो, ‘गाडी माझ्या चुलतभावाकडे उभी आहे, निवांत चालवून बघा, पण भावाभावांत पैशाचा विषय नाजूक आहे, त्याच्यापुढे आकडा काढू नका.’ दोघे भले लोक एका गाडीभोवती उभे राहतात, चहा होतो, चेसिस नंबर जुळतो, आरसी मूळ असते, ॲपही सगळे बरोबर दाखवते. खरेदीदार समाधानाने फोन करतो आणि ठगाने दिलेल्या खात्यावर पैसे पाठवतो. थोड्या वेळाने मालक विचारतो, ‘पैसे कधी येणार?’ तोवर ठगाचा फोन बंद झालेला असतो आणि उरलेले दोघे एकमेकांना चोर समजून भांडत असतात. यावर उपाय साधा आणि थोडा अवघड वाटणारा आहे : आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्याच तोंडून, त्याच्यासमोर उभे राहून किंमत वदवून घ्यावी. आरसी, आधार आणि बँक खाते या तिन्ही ठिकाणी एकच नाव असल्याशिवाय इसाराचा रुपयाही देऊ नये. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दिसते. ते घाईत न पाहता वाचावे. ‘किमतीचे बोलू नका’ असे जो सांगतो, त्याच्याविषयी शंका घेण्यात मुळीच संकोच बाळगू नये, मग तो कितीही अदबीने बोलत असो.

मुख्यतः या कारणासाठी मी एम-परिवहनला पाचपैकी साडेतीन गुण देईन. ते गाडीची ओळख नीट पटवते, विकणाऱ्याची मात्र पटवू शकत नाही, आणि नाव अर्धवट दाखवण्याचे धोरण राहील तोवर पटवणारही नाही. कापलेल्या दीड गुणांपैकी अर्धा गुण आणखी एका गोष्टीसाठी आहे : हाताने लिहिलेल्या आरसी पुस्तकांच्या काळातील जुन्या गाड्यांची नोंद कधी कधी संगणकावर चढलेलीच नसते, आणि ‘नोंद नाही’ याचा अर्थ गाडी बनावट आहे की नुसती जुनी आहे, हे ॲप सांगत नाही. अशा वेळी ज्या आरटीओची पासिंग आहे तिथे जाऊन विचारण्याला पर्याय नाही.

ॲप गाडीच्या पोटातले काही सांगत नाही, ही त्याची उणीव म्हणता येणार नाही, कारण तसा त्याचा दावाही नाही. तरी आपल्या भागापुरता एक मुद्दा सांगितलाच पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पुरात सांगली, कोल्हापूर आणि इकडे चिक्कोडीकडील नदीकाठ पाण्याखाली गेला, आणि त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या पुढे बाजारात आल्या. एमएच १० पासिंगची एक पांढरी मोटार पाहायला मी उद्यमबागेतील ओळखीच्या मेस्त्रींना सोबत नेले होते. ॲपवर सगळे ठीक होते, आतून अत्तराचा भपकारा येत होता. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची तपकिरी रेघ होती. मग सीट मागे सरकवून त्यांनी खालच्या रुळावरचा गंज दाखवला, डिकीतील स्टेपनी उचलून खाचेत साचलेली बारीक माती दाखवली आणि विक्रेत्याला एवढेच म्हणाले, ‘मामा, गाडी आंघोळ करून आलीय की ओ.’ विक्रेत्याने वाद घातला नाही, किंमत लगेच उतरवली. आम्ही गाडी घेतली नाही. पुरात बुडालेली गाडी वायरिंगमुळे दोन-तीन वर्षांनीही दगा देते, आणि हे नोंदणीच्या कोणत्याही रकान्यात लिहिलेले नसते.

किलोमीटर मागे फिरवणे हा प्रकार इतका सर्रास चालतो, की मीटरवरचा आकडा मी मनावरच घेत नाही. त्याऐवजी ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगची झिलई आणि टायर पाहावेत. टायरच्या कडेला चार अंकी शिक्का असतो. त्यात पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. ‘पंचवीस हजार फिरलेली, मूळ टायर’ अशी जाहिरात असेल आणि गाडी २०१७ ची असताना टायरवर २३२१ असेल, तर ते टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातले आहेत, आणि मूळचे झिजून गेल्याशिवाय कुणी चार टायर बदलत नाही. चेसिस नंबर आरसीवरून वाचू नये, गाडीवर ठोकलेला वाचावा. त्यावर कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा घ्यावा, म्हणजे खरवडलेले किंवा पुन्हा ठोकलेले अंक उठून दिसतात. १ एप्रिल २०१९ नंतरच्या मोटारीला पुढच्या काचेवर उच्च सुरक्षा पाटीचा स्टिकर असतो, त्यावरील क्रमांकही ताडून पाहावा. गाडी चोरीची नाही ना, हे पाहण्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘वाहन समन्वय’ ही वेगळी ऑनलाइन सेवा आहे आणि थकलेल्या दंडासाठी परिवहनचेच ई-चलन संकेतस्थळ आहे. या सगळ्या सेवा एकाच ठिकाणी असत्या तर फार सोयीचे झाले असते.

खुद्द या ॲपच्या नावानेही फसवणूक चालते, हे विसरून चालणार नाही. ‘तुमच्या गाडीवर चलन झाले आहे, ॲप डाउनलोड करून पाहा’ असा व्हॉट्सॲप संदेश येतो आणि सोबत परिवहनच्या नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल, असते. ती उघडली, की फोनवरचे संदेश आणि ओटीपी परक्या हाती जातात. ॲप नेहमी फोनच्या अधिकृत स्टोअरवरूनच घ्यावे. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल कुणीही पाठवलेली असो, उघडू नये.

जाहिरातीमागे कुणी व्यापारी असेल, तर त्याच्याकडे अधिकृततेचे प्रमाणपत्र मागावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला आरटीओकडून असे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि मालकाने गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची नोंदही करावी लागते. तरीही सही केलेल्या कोऱ्या टीटी फॉर्मांवर, म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर, गाडी या हातातून त्या हातात फिरवण्याची जुनी सवय गेलेली नाही. विकणाऱ्यांनीही याची धास्ती घ्यायला हवी, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते, मग गाडी मधल्या काळात कितीही जणांना विकलेली असो.

विकणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना, कारण आपली जुनी स्कूटर विकायला काढणाऱ्यांनाही हाच ‘फौजी’ गिऱ्हाईक बनून भेटतो. तो घासाघीस करत नाही, गाडी पाहतही नाही, लगेच पैसे पाठवतो म्हणतो आणि क्यूआर कोड स्कॅन करायला लावतो. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेलेच, तर लाजत न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी ती गोठवता येते. नंतर बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ गुन्हे) पोलीस ठाण्यात चॅट, क्रमांक आणि व्यवहाराचा तपशील घेऊन जावे.

व्यवहार सरळ पार पडला, तरी ॲप काढून टाकू नये. नाव बदलण्याचा अर्ज खरेदीदाराने तीस दिवसांच्या आत करायचा असतो. एजंटाने ‘झाले काम’ म्हटले, की क्रमांक टाकून पाहावा, आणि अर्धवट दिसणाऱ्या नावात आपले आद्याक्षर आलेले दिसेपर्यंत त्याचे उरलेले पैसे अडवून ठेवावेत. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी कंपनीकडे चौदा दिवसांच्या आत अर्ज करावा. थर्ड पार्टी विमा कायद्यानेच गाडीबरोबर येतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा मात्र पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असेल तर कंपनी फेटाळू शकते, आणि पॉलिसी कुणाच्या नावावर आहे हे ॲपमध्ये दिसत नाही, तिथे केवळ मुदत दिसते.